माझ्या वाट्याची एक फेरी

जॅझ वाजवायला गेले त्या पहिल्याच दिवशी मी पर्समध्ये तानपुरा सुरू करून ठेवला होता.

मोबाईलमधला तानपुरा. तारा नाहीत, भोपळा नाही, बटण दाबलं की सूर सुरू. भजनी मंडळात पेटीची साथ करताना तो माझ्या मांडीशी वाजत असायचा आणि त्याच्याशिवाय वाजवायचं म्हणजे कुणी हात न धरता वर्धा रोड ओलांडल्यासारखं वाटायचं. म्हणून दारात चपला काढता काढता मी तो लावला. माझी नेहमीची पट्टी, काळी एक. आवाज बारीक केला, पर्सची चेन ओढली, पर्स कीबोर्डखाली पायाशी ठेवली आणि शहाण्या बाईसारखी स्टुलावर बसले.

कामठीतल्या त्या खोलीत तिघं होते. एक मास्तर, म्हणजे सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले सॅक्सोफोनवाले. खोली त्यांचीच. दुसरे त्यांचे मित्र, मालगाडीवरचे निवृत्त गार्ड. ते बेस गिटार वाजवत. आणि ड्रमवर दातांची डॉक्टर असलेली एक मुलगी. तिघांनी काळी पाचमध्ये गाणं सुरू केलं. खालून माझी काळी एक गुणगुणत होतीच. तुम्हाला सूर कळत नसले तरी हरकत नाही. दोन बायका एकाच वेळी दोन वेगळी गाऱ्हाणी सांगू लागल्या तर कानाला जसं होईल, तसं ते होत होतं.

आता कुणीही समजदार बाई काय करील? मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि आयुष्यभर सैन्यात वाजवलेल्या माणसाला सांगितलं, "भाऊ, तुमचा वाजा थोडा उतरला वाटते. थंडीत होते तसं."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी सॅक्सोफोनचं तोंड काढून पुन्हा बसवलं, फुंकून पाहिलं. गार्डसाहेबांनी चारही तारा तपासल्या. ड्रमवरच्या मुलीनेसुद्धा बिचारीने आपल्या ढोलांकडे संशयाने पाहिलं. मग मास्तर कान पुढे करून, कुठे गॅस गळतोय का पाहावं तसे खोलीभर हिंडले आणि माझ्या पायाशी येऊन थांबले.

"काकू," ते म्हणाले, "तुमच्या पर्समधी कोणीतरी गाऊन राहिलं."

तेव्हा मी बासष्ट वर्षांची कोवळी पोर होते. आता सदुसष्टची झाले आहे, अक्कल आली आहे, म्हणून हे सांगू शकते. तेव्हा मात्र मी तोंड वर करून म्हटलं होतं, "मग सा कुठं आहे ते कोण सांगणार?"

"कोणीच नाही," मास्तर म्हणाले. "इथं तो फिरून राहते. आपल्याले शोधा लागते."

एवढं ऐकून मी उठून घरी यायला हवं होतं. हुडकेश्वरच्या माझ्या घरून तिथवर जाणं काही सोपं नव्हतं. आधी बस, मग मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत, तिथून कामठीचा शेअर ऑटो. पण मी का गेले होते ते आधी सांगते.

मी पेटी वाजवते ती लग्नाच्या आधीपासून. वाजवते म्हणजे साथ करते. गाणारी जिथे जाईल तिथे तिच्या अर्धं पाऊल मागून जायचं. ती वर गेली की वर, खाली आली की खाली, ती थांबली की गप्प. आमच्या मंडळाची मुख्य गाणारी आमच्याच गल्लीत राहते. आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून. तिच्या मागे मी उभं आयुष्य चालले. तरुणपणी एकदाच आगळीक केली. ती दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला थांबली आणि त्या जागेत मी चार सूर माझे टाकले. कुठून आले मलाही ठाऊक नाही, पण मोठे गोड वाटले. तिने मान वळवून पाहिलं नाही. घरी येताना मात्र सगळ्यांच्या देखत विचारलं, "मधात काय वाजलं वं ते? पेटीत उंदीर शिरला का?"

त्यानंतर मी कधी मधे वाजवलं नाही. उलट, लोकांना सांगू लागले की साथ म्हणजे अहंकार सोडण्याची साधना आहे. बायका माना डोलवायच्या. एका सत्कारात मी हेच वाक्य डोळे मिटून बोलले आणि स्वतःच भारावून गेले. कसला अहंकार आणि कसली साधना. एका उंदराला घाबरून बसलेली बाई होते मी, आणि त्या भित्रेपणाला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

मग कामठीला एका भाच्याच्या रिसेप्शनला गेले. जेवणाची रांग होती, कोपऱ्यात एक माणूस सॅक्सोफोनवर जुनं सिनेमातलं गाणं वाजवत होता. पहिल्यांदा वाजवलं ते सगळ्यांना ठाऊक असलेलं. दुसऱ्यांदा गाणं तेच, पण तो त्याच्या आजूबाजूने चालला. तिसऱ्यांदा तर गाणं फक्त मला मनात ऐकू येत होतं आणि तो भलतंच काहीतरी बोलत होता, तरी दोघं एकाच वेळी घरी पोचले. मी हातात ताट घेऊन तिथेच उभी राहिले. पुऱ्या चिवट झाल्या, वरणावर साय धरली. तो थांबल्यावर मी विचारलं, "हे मधलं कुठं लिहिलेलं असते?"

"कुठंच नाही," तो म्हणाला. "मीच बनवून राहिलो होतो."

"म्हणजे जागेवर?"

"जागेवर."

मला त्या क्षणी तहान लागल्यासारखं झालं. साठी उलटलेल्या बाईला अशा गोष्टीची तहान लागावी हे तसं हसण्यासारखंच आहे. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चाली जशाच्या तशा वाजवल्या, आपली म्हणून एक ओळ चारचौघांत वाजवली नाही. एक तरी वाजवायची होती. तो माणूस म्हणजेच हे मास्तर; त्यांचा कीबोर्डवाला नोकरीसाठी पुण्याला गेला होता, जागा रिकामी होती. मी पेटी वाजवते हे सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही. आणि पर्स घेऊन हजर झाले.

तानपुरा बंद झाल्यावर मास्तरांनी मला पहिला धडा दिला. पांढरी एकचा सा धरून त्यांनी तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचे जुडगे, दाबले. पहिल्यात रे, म, ध आणि वरचा सा. दुसऱ्यात प, नी, रे, म. तिसऱ्यात सा, ग, प, नी. म्हणाले, जॅझच्या गाण्यांत पदोपदी हीच वाट लागते, दुरून निघायचं, अधांतरी व्हायचं आणि घरी यायचं.

"आता पहिल्यातले म अन् सा, दोघंच धरा. दुसऱ्या कॉर्डवर जाताना म जागचा हलत नाही. सा फक्त एक घर खाली उतरते, नीवर. तिसऱ्यावर जाताना नी बसून राहते, अन् म एक घर खाली सरकते, गवर."

मी वाजवून पाहिलं. शेअर ऑटोत नवीन माणूस चढला की एकाने जरासं सरकायचं आणि दुसऱ्याने गप्प बसायचं, तसं होतं ते. सगळी हार्मनी, ज्याला मी समुद्रापलीकडची विद्या समजत होते, ती या सरकासरकीवर चालली होती. मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच," मास्तर म्हणाले. "आता हे बाराही पट्ट्यांत."

माझा चेहरा उतरला तो त्यांच्या लक्षात आला. माझ्या घरच्या पेटीला स्केल चेंजर आहे. सगळी पट्टी उचलून बाजूला सरकवायची. बोटं नेहमीच्याच जागी पडतात, सूर मात्र बदलतो. जन्मात मी एका पट्टीपलीकडे बोटं नेली नव्हती आणि मंडळात माझी ख्याती काय, तर बाईंना कुठलीही पट्टी चालते. कीबोर्डलाही तसंच बटण असतं. मी हळूच तिकडे बोट नेलं. मास्तरांनी ड्रॉवरमधून काळी चिकटपट्टी काढली, त्या बटणावर दोन पदरी लावली आणि म्हणाले, "बोला."

मी बोट मागे घेतलं.

मास्तरांच्या घराच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. दिवसभर खटाखट, खटाखट. मास्तर म्हणत, फुकटचा मेट्रोनोम आहे, ठेका धरून देणारं यंत्र, वीज जाते तेवढा वेळच बंद. "माग सरळ चालते. तुम्ही त्याच्यावर जरा लंगडत चाला. पहिला पाय लांब, दुसरा आखूड." ते लंगडणं म्हणजे स्विंग. माझा गुडघा तसाही दुखतो, त्यामुळे हा भाग मला लवकर जमला.

घरी मात्र कठीण. नातीने जुना कीबोर्ड आणून दिला होता. सकाळचा स्वयंपाक झाला की मी बसायची. पहिला कॉर्ड, त्याचे चार सूर खालून वर. दुसऱ्याचे वरून खाली. मग पहिल्याच्या शेवटच्या सुरापासून दुसऱ्याचा सगळ्यात जवळचा सूर कोणता, तो पकडून पुढे. मग एक छोटीशी चाल घ्यायची, तीन-चार सुरांची, कुणाला काही विचारल्यासारखी. तोच प्रश्न पहिल्या कॉर्डवर विचारायचा, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. प्रश्नाचा आकार तोच ठेवायचा, सूर ज्याच्या-त्याच्या घरचे घ्यायचे. मग हे सगळं पुढच्या पट्टीत.

आमचे हे सोफ्यावर पेपर वाचत. काही दिवस त्यांनी सहन केलं. मग एकदा पेपर खाली न करता विचारलं, "गाणं सुरू केव्हा होते?"

"हेच गाणं आहे."

"मंग संपते केव्हा?"

मी पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागले. काळी दोनमध्ये अडकले होते.

असे दिवस गेले, ऋतू गेले आणि मला वाटू लागलं की आपण तयार झालो. थंडीत वाचनालयाच्या सभागृहात आमचा छोटा कार्यक्रम ठरला होता. जॅझमध्ये गाण्याचा सबंध आराखडा एकदा पुरा वाजला की ती एक फेरी. मूळ गाणं एकदा वाजवायचं, मग प्रत्येकाला आपापली फेरी मिळते, त्यात त्याने स्वतःचं बोलायचं. माझ्या फेरीत मी काय करावं? तर मी घरी बसून माझं उत्स्फूर्त वादन रचलं, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सरगममध्ये उतरवलं आणि पाठ केलं. पाढे पाठ करतात तसं. सांगताना आता मलाच हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उत्स्फूर्त आहे म्हणून काय तयारी करू नये?

शनिवारच्या सरावात मी ते वाजवलं. झकास झालं. ड्रमवाल्या मुलीने काड्या काखेत धरून टाळ्या वाजवल्या. गार्डसाहेब म्हणाले, "वा, काकू." मास्तर म्हणाले, "छान. पुन्हा एकदा."

मी पुन्हा वाजवलं. सूर न् सूर तोच. मास्तर म्हणाले, "अजून एकदा." आणि या वेळी मी सुरू करताच त्यांनी सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि माझी सगळी फेरी माझ्याबरोबर वाजवली. दोनदा ऐकून त्यांनी उचलली होती. मी वर गेले की ते वर, मी थांबले की ते गप्प, अर्धं पाऊल मागून, अगदी अदबीने. शेवटापर्यंत.

मग म्हणाले, "पाहा काकू, आता मी तुमची साथ करून राहिलो. दोघांतलं एक जण घरी गेलं तरी चालते."

मला राग आला. राग आला म्हणजे लाज वाटली, पण या वयात लाज वाटल्याचं कबूल करण्यापेक्षा रागावणं सोयीचं पडतं.

मास्तरांनी तेव्हाच अट घातली. "कार्यक्रमात एक फेरी तुमची. पाठ केलेलं नाही चालणार. मले वास आला ना, मी तिथंच हा तोंडाले लावीन अन् फेरी माझी. तुम्ही मागं कॉर्ड धरा. कॉर्ड तुम्ही चांगले धरता."

म्हणजे पुन्हा मागे. मी पर्स उचलली आणि घरी आले. पुढचे दोन शनिवार गेलेच नाही. यांना सांगितलं की मास्तरांची तब्येत बरी नाही. यांनी विचारलं, "आणि तुमची?" मी म्हटलं, माझी उत्तम आहे.

त्याच दिवसांत गुरुवारचं भजन होतं. मी नेहमीसारखी मागे. आमची गाणारी बाई एक ओळ संपवून श्वास घ्यायला थांबली, आणि त्या एवढ्याशा फटीत माझ्या उजव्या हाताला आपलं आपण कळलं की इथे काय येऊ शकतं. एक नव्हे, दोन-तीन गोष्टी येऊ शकत होत्या. मी बोटं आवळून धरली. पुढच्या श्वासाला पुन्हा तेच. सबंध भजनभर मी माझाच हात दाबून बसले होते, जसं कीर्तनात खोकला दाबतात. घरी आले तेव्हा मनगट दुखत होतं. मी मनात म्हटलं, बाई, हे दुखणं घेऊन मरायचं आहे का?

शनिवारी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या, डबा भरला आणि कामठीला गेले. मास्तरांनी डबा उघडला, एक वडी खाल्ली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"आजपासून तीनच सूर," ते म्हणाले. "कोणतेही तीन निवडा. अख्खी फेरी त्याच्यातच."

"तिनांत काय होणार?"

"तेच पाहाचं आहे."

तीन सुरांत पहिल्यांदा काहीच होत नाही. मग माणूस कंटाळून लवकर वाजवतो, उशिरा वाजवतो, जोरात, हळू, दोनदा, आणि मग थांबतो. थांबलं की खालून गार्डसाहेबांचा बेस ऐकू येतो. तो सारखा चालत असतो, हे मला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच समजलं. तोवर मी स्वतःचंच ऐकत होते. मास्तरांचा दुसरा नियम असा की जे वाजवायचं ते आधी गायचं. गाता येत नसेल तर ते तुमचं नाही, ते बोटांचं आहे. म्हणून मी पोळ्या लाटताना गाऊ लागले. मेट्रोत गुणगुणू लागले. एकदा शेअर ऑटोत मी डोळे मिटून दुसऱ्या कॉर्डवरून तिसऱ्यावर उतरण्याची जागा शोधत होते, तर शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "मावशी, कुठं दुखून राहिलं का?"

"नाही वं," मी म्हटलं, "घर सापडून नाही राहिलं."

तिने ऑटोवाल्याला सांगितलं, मावशीले जरा विचारून उतरव.

कॅलेंडरचं ते पान मी फाडून कढईखाली टाकलं. मग तिनाचे पाच सूर झाले, पाचाचे सात. मला अजून भीती वाटायची, पण ती आता निराळी होती. चुकेन याची नव्हे. काही सुचलंच नाही तर, याची.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहात पन्नासेक माणसं असतील. त्यात पहिल्या रांगेत आमचं सगळं भजनी मंडळ, एकसारख्या साड्या नेसून, मधोमध आमची गाणारी बाई. मी बोलावलं नव्हतं. यांनी गल्लीभर सांगितलं होतं. आमची पट्टी काळी दोन ठरली होती, म्हणजे ज्या पट्टीत मी वर्षभर ठेचकाळले तीच. मास्तरांनी ती मुद्दाम घेतली होती हे सांगायची गरज नाही.

मूळ गाणं वाजलं. मग मास्तरांची फेरी. मी मागे कॉर्ड धरून होते आणि डोक्यात लख्ख कोरं. खरं सांगते, एकही सूर नव्हता. त्यांची फेरी संपत आली. शेवटी त्यांनी तीन सुरांची एक छोटी चाल सोडली, वर जाऊन अर्धवट राहिलेली, आणि सॅक्सोफोन खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं.

कुणी आपल्याला काही विचारलं तर आपण उत्तर देतो. तेवढंच मी केलं. त्यांचेच तीन सूर घेतले, उलटे केले आणि पहिल्या कॉर्डवर ठेवले. थांबले. खालून बेस चालत होता. तोच आकार पुढच्या कॉर्डवर नेला, एक सूर सरकला, दोन बसून राहिले. पुन्हा थांबले. मला ऐकू येत होतं की पुढे काय यायला हवं, वाजवायच्या आधी, जसं ओळखीच्या माणसाचं पाऊल जिन्यावर कळतं तसं. मी ते वाजवलं. आणि मग त्याच्या पुढचं.

फेरीच्या मध्यावर माझं बोट घसरलं. धवर जायचं होतं, शेजारच्या कोमल धवर पडलं. खाली दुसरा कॉर्ड होता, तो अधांतरी. कोमल ध म्हणजे आमच्याकडे पहाटेचा सूर. त्या गाण्यात त्याला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. आधीची मी असते तर जीभ चावून पटकन पुढे पळाले असते. मी नाही पळाले. मी त्यावरच उभी राहिले. खाली प, नी, रे, म आणि डोक्यावर हा दुखरा सूर, सगळं सभागृह एका पायावर उभं असल्यासारखं. मग कॉर्ड घरी परतला आणि मी त्याच्याबरोबर एक घर खाली, पवर उतरले.

गार्डसाहेब मोठ्याने हसले. वाजवता वाजवता. आनंदाचं हसणं होतं ते.

तेवढ्यात डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं, मास्तरांचा हात सॅक्सोफोनकडे गेला. पण त्यांनी तो गळ्यातून काढला, स्टँडवर ठेवला, हाताची घडी घातली आणि भिंतीला टेकून ऐकत उभे राहिले.

त्यानंतर मला थांबवणारं कुणी नव्हतं. पुढच्या अधांतरी कॉर्डवर मी तो कोमल ध मुद्दाम लावला, या वेळी ऐटीत, आणि ड्रमवाल्या मुलीने झांजेवर त्याला टिकली लावली. फेरी संपत आली तशी मी आवरतं घेऊ लागले. मास्तरांनी घडी सोडली आणि एक बोट वर केलं. अजून एक फेरी. माझी.

ती मी कशी वाजवली ते मला आठवत नाही आणि कुणी रेकॉर्डही केली नाही. नातीचा मोबाईल त्या दिवशी तिच्याजवळ नव्हता, आणि यांनी काढलेल्या व्हिडिओत फक्त त्यांचा अंगठा आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाजवली, ऐकली गेली, संपली. शेवटच्या सुरानंतर मी हात मांडीवर ठेवले तेव्हा मी हसत होते, तोंड बंद होईना. टाळ्या बराच वेळ चालल्या. मास्तर वाकून कानाशी म्हणाले, "याचा वास वेगळा होता." पण ते बोलणं शेवटचं नव्हे.

शेवटचं बोलणं सगळं आटोपल्यावर झालं. लोक चहाकडे गेले, मी वायर गुंडाळत होते. गाणारी बाई मंचाच्या पायऱ्या चढून आली, कीबोर्डजवळ उभी राहिली. एक पट्टी बोटाने दाबून पाहिली, वाजली नाही, वीज बंद होती. माझ्याकडे न बघता पदर नीट केला. मला वाटलं आता काहीतरी बोचरं येणार, आणि मी तयारही होते. ती म्हणाली:

"येत्या गुरुवारी दुसऱ्या भजनात तुयासाठी एक जागा मोकळी सोडतो. वाजव काय वाजवाचं ते. पण लवकर आटोप वं, मले घरी जाऊन भाकरी टाका लागते."